डोंगर दिसेल अशी खोली

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं की बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं एकामागून एक येतात आणि त्यांच्याबरोबर येतात बांधकामांच्या जाहिरातींचे फलक. फलकावर घर लहान असतं; घरातून जे दिसणार ते मोठं. हिल व्ह्यू, व्हॅली व्ह्यू, लेक व्ह्यू. खोल्या किती आणि कार्पेट एरिया किती, ते खाली बारीक अक्षरात. मुळशी तालुक्यात जमिनीला भाव आला तसा जमिनीवरून दिसणाऱ्या दृश्यालाही आला. बिल्डरच्या दरपत्रकात त्यासाठी वेगळा आकार असतो: बागेकडे तोंड असेल तर इतके, डोंगराकडे असेल तर इतके, आणि वर चढाल तसा फ्लोअर राइज. घेणारा कुरकुरत का होईना, ते पैसे मोजतो. का मोजले असं विचारलं तर पुष्कळदा उत्तर येतं, ‘तब्येतीला बरं असतं.’

खरोखर बरं असतं का? हिरवळीकडे पाहिलं की डोळे निवतात हे सांगायला संशोधक लागत नाही. पण डोळे निवणं वेगळं आणि दुखणं लवकर बरं होणं, औषध कमी लागणं, मुलाचं अभ्यासात लक्ष टिकणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर मोजण्याचे प्रयत्न गेली चाळीसहून अधिक वर्षं चालू आहेत. त्यांची ओळख करून देणं हा या प्रस्तावनेचा हेतू. ही ओळख मुळशीच्या निमित्ताने करून द्यावीशी वाटते, कारण या विषयाचे जवळजवळ सगळे पदर या एका तालुक्यात सापडतात. हिंजवडी, माण, मारुंजीच्या काचेच्या इमारती आणि टॉवर इथेच आहेत. ताम्हिणीचं अभयारण्य आणि डोंगरकुशीतल्या देवराया इथेच. शंभर वर्षांपूर्वी गावं बुडवून तयार झालेला जलाशय इथेच, आणि त्याच्या काठावर शनिवारी उघडून रविवारी संध्याकाळी बंद होणारी घरंही इथेच.

सुरुवात मात्र दूरवर, अमेरिकेतल्या एका रुग्णालयापासून करावी लागते.

1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉजर उलरिच यांचा जेमतेम दोन पानांचा लेख आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका उपनगरी रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्या रुग्णालयाच्या एका बाजूच्या खोल्या जवळपास सारख्याच होत्या. फरक इतकाच, की काही खिडक्यांतून पानांनी भरलेली झाडं दिसत आणि काहींसमोर तपकिरी विटांची भिंत होती. कोणाला कुठली खोली मिळणार हे कोणती खाट रिकामी होते त्यावर ठरे. रुग्णाची आवड, ऐपत किंवा डॉक्टरांची मर्जी यांचा त्यात संबंध नव्हता. वय, लिंग, वजन, धूम्रपान अशा बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या 23 जोड्या उलरिच यांनी लावल्या, एक झाडवाला आणि एक भिंतवाला. झाडं पाहणाऱ्यांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी 7.96 दिवसांचा निघाला, भिंत पाहणाऱ्यांचा 8.70 दिवसांचा. झाडवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली होती. परिचारिकांनी लिहून ठेवलेल्या ‘रुग्ण अस्वस्थ आहे, रडत होता, धीर द्यावा लागतो’ अशा धर्तीच्या नोंदी भिंतवाल्यांच्या कागदांवर प्रत्येकी जवळपास चार होत्या, झाडवाल्यांच्या कागदांवर एकाच्या आसपास.

या संशोधनामागे एक खाजगी धागा होता. किशोरवयात मूत्रपिंडाच्या आजाराने आपल्याला घरी दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहावं लागलं आणि खिडकीबाहेरचं पाइनचं एक झाड तेव्हा मोठा आधार वाटलं, असं उलरिच यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. ज्याला जे हवं असतं ते त्याला आकड्यांत सापडतं, अशी शंका इथे कोणीही घ्यावी. ती घेण्याजोगीच आहे. 46 रुग्ण, एकच रुग्णालय, एकच शस्त्रक्रिया. एवढ्यावर जगभरच्या खिडक्यांचा न्याय करता येत नाही. आज तर पित्ताशयाचा रुग्ण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक-दोन दिवसांतच घरी येतो.

पण या लेखाचा मोठेपणा त्याच्या सावधपणात आहे. भिंतीच्या जागी गजबजलेला रस्ता असता तर काय झालं असतं, हे या अभ्यासावरून सांगता येणार नाही, असं उलरिच यांनी स्वतःच लिहिलं. दीर्घ आजाराने कंटाळलेल्या माणसाला झाडांपेक्षा वर्दळीचं दृश्य अधिक मानवेल, अशीही शक्यता त्यांनी नोंदवली. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर येणारं-जाणारं बघणारे आजोबा ज्याने पाहिले आहेत, त्याला ही शक्यता लगेच पटेल. या विषयावर पुढे जे पुष्कळ लिहिलं गेलं त्यात हा सावधपणा बऱ्याच ठिकाणी गळून पडला, आणि ‘झाड बघा, बरे व्हा’ एवढंच उरलं.

उलरिच पहिलेच होते असंही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 सालच्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णाला अंथरुणावरून खिडकीबाहेरचं दिसायला हवं असा आग्रह धरला होता. त्याच त्या भिंतींकडे पाहून रुग्ण किती कावतो हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. क्षयावर नेमकं औषध नव्हतं तेव्हा डोंगराची हवा, ऊन, विश्रांती आणि चांगलं अन्न हीच उपचारपद्धती होती. त्यात समोरच्या दरीचा वाटा किती आणि हवेचा किती, याची वाटणी कोणी केली नाही, करण्याचं कारणही नव्हतं.

ती वाटणी करण्याचे प्रयत्न आता होतात. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं असं, की हिशेब करताना, गाडी चालवताना, संगणकावर काम करताना माणूस लक्ष ओढूनताणून एका जागी धरून ठेवतो, आणि ही ताकद संपते. हलणारी पानं, सरकणारे ढग, पाण्यावरची चमक लक्ष वेधून घेतात, पण मेहनत मागत नाहीत. तेवढ्या वेळात ती ताकद भरून येते. उलरिच यांचा भर दुसरीकडे होता: असं दृश्य पाहिलं की शरीराचा ताण उतरतो, नाडी आणि रक्तदाब खाली येतो. दोन्ही म्हणणी एकमेकांना छेद देत नाहीत.

मेलबर्नमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 150 विद्यार्थ्यांना कंटाळवाणं, एकाग्रतेचं काम दिलं गेलं. मध्ये फक्त 40 सेकंदांची उसंत. त्या उसंतीत काहींना शहरातल्या इमारतीच्या गच्चीवर फुललेलं गवत दाखवलं, काहींना तीच गच्ची उघड्या काँक्रीटची. गवत पाहिलेल्यांच्या हातून नंतर चुका कमी झाल्या. इलिनॉयमधल्या पाच शाळांतल्या 94 विद्यार्थ्यांवर असाच एक प्रयोग झाला: काहींना बिनखिडकीची वर्गखोली, काहींना इमारतींकडे उघडणारी, काहींना झाडांकडे उघडणारी. परीक्षेसारख्या ताणातून झाडवाल्या खोलीतले विद्यार्थी अधिक लवकर सावरले. दृश्याचा परिणाम व्हायला तास-दोन तास टक लावून बसावं लागत नाही, कामातून मान वर केली की जे दिसतं ते पुरतं, एवढं यातून हाती लागतं.

मग पडद्यावरचा डोंगर का नको? हिंजवडीतल्या किती तरी संगणकांवर काम थांबलं की हिरवी दरी आपोआप उमटते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पीटर कान यांनी 2008 साली हेच तपासलं. 90 जणांपैकी काहींना खरी खिडकी, काहींना तेच दृश्य थेट दाखवणारा मोठा पडदा आणि काहींना कोरी भिंत दिली. सौम्य ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला खरी खिडकी उपयोगी पडली. पडदा आणि भिंत यांच्यात मात्र फरक आढळला नाही. ऑफिसात जंगलाचा वॉलपेपर लावणाऱ्यांनी हे वाचून नाराज होण्याचं कारण नाही, भिंत तशी शोभिवंत दिसतेच.

आता मुळशीत परत येऊ. इथल्या जुन्या मावळी घराला खिडकी म्हणण्यासारखी खिडकी क्वचितच असे. पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस, उतरतं छप्पर, दगडमातीची किंवा कुडाची भिंत, पावसाळ्याआधी त्या भिंतीला बाहेरून गवताचा आडोसा. आत काळोख, चूल, आणि बऱ्याच घरांत एका अंगाला गुरं. दारात उभं राहिलं तर समोर अख्खा सह्याद्री; पण तो बघायला म्हणून कोणी घरात भोक पाडलं नाही. माणसं दिवसभर त्या डोंगरातच होती. भाताची लावणी, वरई-नाचणीची शेतं, गुरांमागे रान, सरपण, पाणी. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार तिथला माणूस आपल्या वेळेपैकी 87 टक्के वेळ बंदिस्त इमारतीत घालवतो आणि वर साधारण 6 टक्के गाडीत. बाहेरच्या दृश्याचं औषध लागतं ते अशा माणसाला. खिडकीची ही सगळी चर्चा मुळात आत बसलेल्यांची चर्चा आहे, हे विसरलं की मुळशीतल्या जमिनीचा व्यवहार नीट कळत नाही.

पुण्याचा वाडासुद्धा रस्त्याकडे फारसा बघत नसे. त्याचं तोंड आतल्या चौकाकडे. चौकात तुळशीवृंदावन, विहीर किंवा हौद, एखादं प्राजक्ताचं नाहीतर उंबराचं झाड आणि वर आभाळाचा चौकोन. माजघरातल्या बाईला कामातून मान वर करून बघायला तेवढं होतं. पानशेतच्या 1961 च्या पुरानंतर पेठांमधले पुष्कळ वाडे गेले. 1963 मध्ये ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला आणि घर म्हणजे मजल्यावरच्या खोल्या हे रुळत गेलं. चौक गेला, त्याच्या जागी इमारतींमधली ठरावीक फुटांची मोकळी पट्टी आली. त्या पट्टीत पार्किंग, पाण्याचे पाइप आणि समोरच्यांच्या बाथरूमची खिडकी. मग खिडकीला ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या, कुंड्यांपुढे कबुतरांसाठी जाळी, जाळीबाहेर एसीचं खोकं. खिडकीतून दिसणाऱ्या निसर्गाचा शहरी हिशेब करायचा तर त्यात कबुतरही धरावं लागतं. त्याच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना जो त्रास देते, तो श्वसनविकारतज्ज्ञांना चांगला परिचयाचा आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि या खिडकीला एकदम महत्त्व आलं. टोकियोत त्या वर्षीच्या जूनमध्ये मसाशी सोगा आणि सहकाऱ्यांनी 3000 प्रौढांची पाहणी केली. घराच्या खिडकीतून हिरवं काही दिसणाऱ्यांमध्ये समाधान अधिक आणि नैराश्य, चिंता, एकटेपणा कमी आढळला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. ज्याला बरं घर परवडतं त्याला बरी खिडकीही मिळते आणि पगारही बरा असतो, हा पेच अशा पाहण्यांमधून पूर्ण सुटत नाही. पुण्या-मुंबईत मात्र पाहणीची वाट न बघता लोकांनी आपला निष्कर्ष काढून टाकला. घरून काम करता येतं म्हटल्यावर मुळशी, पवना, लोणावळ्याकडच्या एन.ए. प्लॉटांची चौकशी वाढली.

पैशाचा हा पेच टाळून झालेला अभ्यास शिकागोतला आहे, आणि तो या साऱ्या साहित्यातला सर्वांत बोलका म्हणावा लागेल. रॉबर्ट टेलर होम्स ही गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी बांधलेली सरकारी वसाहत. एकसारख्या सोळा मजली इमारती, एकसारखी घरं. सुरुवातीला सगळीकडे झाडं होती. देखभालीचा खर्च वाचवायला आणि धूळ टाळायला बऱ्याच ठिकाणी ती काढून सिमेंट घातलं गेलं, काही ठिकाणी राहिली. कुटुंबाला कुठलं घर मिळेल हे त्याच्या हातात नव्हतं. फ्रान्सेस कुओ, विल्यम सलिव्हन आणि अँड्रिया टेलर यांनी 2002 मध्ये तिथल्या 169 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलींच्या घरातून झाडं दिसत होती त्या एकाग्रता, आवेग रोखणं, लगेच मिळणाऱ्या सुखासाठी न हपापणं या कसोट्यांवर सरस ठरल्या. मुलींच्या गुणांतला साधारण 20 टक्के फरक एवढ्या एका गोष्टीशी जोडता येत होता. मुलग्यांमध्ये मात्र असा संबंध दिसला नाही. संशोधकांचा अंदाज असा, की मुलगे खेळायला दूर जातात, मुली घराजवळ राहतात, म्हणून घराशेजारचं झाड मुलींच्या वाट्याला अधिक येतं.

हा अंदाज आपल्याकडे आणून पाहावा. हिंजवडी-मारुंजीच्या एखाद्या टॉवरमध्ये दुपारी घरात कोण असतं? गावाकडून नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा, बाळंतीण, आजारी माणूस, दिवसभर कामाला असलेली मावशी. घर घेताना डोंगर बघून सही केलेले दोघं त्या वेळी ऑफिसात किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतात. आयुष्यभर अंगणात वावरलेल्या आजीला चौदाव्या मजल्यावरून दूरवर निळसर रेघ दिसते खरी, पण तिच्या ओळखीची गोष्ट म्हणजे झाड, ते खाली राहून जातं. बहुतेक झाडांचे शेंडे तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या आसपास थांबतात. दरपत्रक मात्र प्रत्येक चढत्या मजल्याला जादा आकारतं. अभ्यासांत पुनःपुन्हा येणारं दृश्य हे जवळचं, साधं, पानं मोजता येतील असं झाड आहे. महाग विकलं जाणारं दृश्य दूरचं आहे. दोन्ही चांगलीच, पण पुरावा स्वस्तातल्या बाजूला जास्त आहे.

पाण्याचं काय? वेलिंग्टन शहरातल्या रहिवाशांचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की घराच्या परिसरातून समुद्र जितका जास्त दिसतो तितका मानसिक ताण कमी आढळतो. हिरवळ दिसण्याशी तसा संबंध त्यात आढळला नाही. लेक व्ह्यूवाल्यांना हे आवडेल. मुळशीतला ‘लेक’ म्हणजे मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ टाटांनी बांधलेल्या धरणाचा जलाशय. त्याचं पाणी सह्याद्री भेदून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात जातं, आणि ती वीज मुंबईसाठी. या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. ‘जान किंवा जमीन’ ही तेव्हाची घोषणा. 1924 च्या अखेरीपर्यंत लढा विझला. पन्नासच्या आसपास गावांची घरं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. ज्यांची भाताची खाचरं बुडाली त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी काही जण आज काठावरच्या बंगल्यांची राखण करतात. ताण कमी करणारं निळं दृश्य कोणाच्या डोळ्यांसाठी, हा प्रश्न वेलिंग्टनच्या अभ्यासात येण्याचं कारण नव्हतं. इथे तो टाळता येत नाही.

आणखी एक अडचण ऋतूंची. उलरिच यांनी आपल्या अभ्यासात फक्त 1 मे ते 20 ऑक्टोबर या काळातले रुग्ण घेतले होते, कारण उरलेल्या महिन्यांत त्या झाडांना पानंच नसत. मुळशीत आषाढ-श्रावणात दृश्यच नसतं. ढग खिडकीपर्यंत येऊन बसतो, समोरची भिंत आणि समोरचा डोंगर दोन्ही सारखेच पांढरे. भिंतींना ओल येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, दम्याचा माणूस त्या व्हॅली व्ह्यूला वैतागतो. भाद्रपदात ढग वर उचलले जातात आणि तेरडा, सोनकीने पठारं भरतात; एखाद्या वर्षी कारवीचा सामूहिक बहर लाभला तर उतारच्या उतार जांभळे. मग दिवाळीनंतर गवत पिवळं पडू लागतं. फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात आणि कित्येक डोंगर काळे होतात. जाहिरातीतला हिरवागार डोंगर वर्षातून चारेक महिन्यांचा असतो. अमराठी गिऱ्हाईक मे महिन्यात ताबा घ्यायला येतं तेव्हा कधी कधी विचारतं, डोंगर बदलला का?

ही थट्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न खराच आहे. हिरव्या रंगाचा परिणाम होतो की बदलत्या, जिवंत दृश्याचा? मराठी वाचकाला याचा अंदाज दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने 1956 मध्येच दिला होता. मुंबईत राहणाऱ्या या बाईंनी वर्षाचा एकही महिना रिकामा सोडला नाही. निष्पर्ण पांगाऱ्याला आणि काटेसावरीला ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर फुलं येतात, पळस पेटतो, मग चैत्रपालवी. हे ओळखणाऱ्याला तपकिरी डोंगरातही बघायला खूप असतं. केईएम रुग्णालयात औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी वैद्यकीय कामाइतक्याच निगुतीने झाडांवर लिहिलं, हे या संदर्भात सहज आठवतं. पाश्चात्त्य अभ्यासांतला निसर्ग बहुधा ‘झाडं आहेत’ किंवा ‘झाडं नाहीत’ अशा दोन खणांत बसतो. नावानिशी झाड ओळखणाऱ्याच्या मनावर वेगळा परिणाम होतो का, हे तपासण्यासारखं आहे, आणि ते तपासायला पुण्यासारखी टेकड्यांच्या नादी लागलेली जागा दुसरी नाही.

वीकेंडच्या घरांबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. दृश्याचा फायदा होतो तो रोजच्या, नकळत, तुकड्यातुकड्यांनी झालेल्या दर्शनातून, असं वर सांगितलेल्या प्रयोगांचं एकत्रित म्हणणं आहे. आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असलेल्या काचेच्या भिंतीमागे हे घडत नाही. शिवाय तिथे पोहोचायला शुक्रवारी रात्री आणि परतायला रविवारी संध्याकाळी पौड रस्त्यावर जी रांग लागते, तिच्यात मिळालेली शांतता बरीचशी खर्च होते. आणि दृश्यासाठी उतार फोडून, मुरूम काढून, तोंडाशी रस्ता नेऊन बांधलेलं प्रत्येक घर समोरच्या डोंगरावरच्या घराच्या दृश्यात एक ओरखडा असतं. मोसे खोऱ्यात वरसगाव जलाशयाच्या काठी उभं राहिलेलं लवासा हे डोंगरातलं नवं शहर याचं सर्वांत मोठं उदाहरण. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिथल्या कामाला स्थगिती दिली, पुढच्या वर्षी अटींवर परवानगी मिळाली आणि 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. सरोवराकाठच्या रंगीत इमारती आजही पर्यटक बघायला जातात.

याच तालुक्यात वेगळं बांधलेलंही आहे. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर 1997 मध्ये सुरू झालेलं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलं. भिंती इथल्याच काळ्या दगडाच्या, इमारती बसक्या, आणि चालता चालता दोन भिंतींच्या मधून दरी दिसावी अशी रचना. तिथली मुलं तिथेच राहतात, म्हणजे दृश्य रोजचं.

कायद्याच्या नजरेतून मात्र खिडकीबाहेरचं दृश्य ही चैन आहे, आणि हे मत जुनं आहे. 1610 साली इंग्लंडमध्ये विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने शेजाऱ्याच्या डुकरांच्या खुराड्याविरुद्ध दावा लावला. हवा दूषित होणं आणि उजेड अडणं ही हानी कोर्टाने मानली, पण दृश्य ही केवळ आनंदाची बाब, त्यासाठी दावा चालत नाही, असा निर्वाळा त्या खटल्यात आला. आपल्या 1882 च्या इझमेंट कायद्यातही 20 वर्षं विनाअडथळा उपभोगलेल्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगता येतो. समोरच्या डोंगरावर सांगता येत नाही. बिल्डरने माहितीपत्रकात खोटं छापलं तर 2016 च्या रेरा कायद्याचं 12 वं कलम आहे. पण शेजारच्या सर्व्हे नंबरात उद्या दुसऱ्याने तीस मजले चढवले तर पहिल्या बिल्डरला कसं धरणार?

उजेड आणि वारा हीसुद्धा सगळ्यांना मिळालेली गोष्ट नाही. मुंबईत प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने समोरासमोरच्या इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला होता: खोलीत आभाळाचा उजेड उतरेल इतकं अंतर राहिलंच पाहिजे. शंभर वर्षांनंतर त्याच मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागात प्रकल्पग्रस्तांसाठी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी तीन मीटर. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथली घरं आणि क्षयरोग यांचा संबंध तपासला. ज्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही तिथे क्षयाचं प्रमाण अधिक आढळलं. खिडकी उघडली की समोर भिंत, आणि खाली साचलेला कचरा म्हणून ती उघडायचीच नाही. उलरिच यांच्या विटांच्या भिंतीने माणसं पाऊण दिवस जास्त रेंगाळली. इथल्या भिंतीने जे होतं त्याचं माप निराळं आहे. हिल व्ह्यूची चर्चा करणाऱ्याने ही पायरी आधी नजरेखालून घालावी, म्हणजे आपण आरोग्याबद्दल बोलतो आहोत की ऐषआरामाबद्दल, हे नीट कळेल.

झाड दिसणं ही गरज मानून नियम करता येतो का? सेसिल कोनायनेंडायक या नागरी वनशास्त्रज्ञाने 2021 मध्ये 3-30-300 असं सूत्र सुचवलं. प्रत्येक घरातून किमान तीन मोठी झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीत 30 टक्के जमिनीवर झाडांची सावली असावी, आणि कोणाचंही घर बागेपासून 300 मीटरपेक्षा दूर नसावं. बार्सिलोनात तपासलं तेव्हा 5 टक्क्यांहूनही कमी रहिवासी तिन्ही अटी पुऱ्या करत होते; ज्यांच्या पुऱ्या होत होत्या त्यांच्यात मानसोपचारांसाठी जाण्याचं प्रमाण कमी होतं. सूत्र ढोबळ आहे, तीनच का आणि चार का नाहीत याला उत्तर नाही. पण ते मोजता येतं, आणि त्यात डोंगर विकत घ्यावा लागत नाही.

मुळशीत हे सूत्र लावून पाहण्याची वेळ अजून गेलेली नाही. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. म्हाळुंगे-माण परिसरात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) नगररचना योजना आखली गेली आहे. रस्त्याची रुंदी, गटाराची जागा, विजेच्या तारा वरून की जमिनीखालून, इमारतीपुढे सोडायची जागा, तळघरातलं पार्किंग प्लॉटच्या कडेपर्यंत न्यायचं की नाही, हे ज्या नकाशावर ठरतं त्याच नकाशावर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत पुढे करंज किंवा ताम्हण दिसणार की नाही, हेही ठरून जातं. तळघराच्या स्लॅबवर दोन फूट माती टाकून लावलेल्या शोभेच्या पामला हे जमत नाही, वडा-पिंपळाची तर गोष्टच नको. आणि तारांखाली लावलेलं झाड दर मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत निम्मं होतं.